घारगे

गेल्या आश्विनात थोरल्या लेकीचा अमेरिकेतून फोन आला. तिकडे ऑक्टोबरात दारोदार भोपळे मांडतात. तिनं भोपळ्याचा गर, दालचिनी, सुंठ, लवंग आणि जायफळ घालून मऊ बिस्किटं भाजली होती. "बाबा, ओव्हन उघडला आणि घरभर आजीच्या घारग्यांचा वास आला. जायफळाचाच असणार. आजीचं प्रमाण काय हो?"

तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारत आलो. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिला मी ते कधी विचारलंच नव्हतं. का विचारलं नाही, हे सांगायचं तर धारच्या आमच्या जुन्या घरात जावं लागेल.

आईचं माहेर बेळगावचं. तिकडे घारगे म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नसे. शेजारच्या कानडी घरातही कुंबळकाईचे गारिगे व्हायचे. भाषा दोन, पण पदार्थ एक आणि नावही जवळजवळ एकच. लग्न होऊन ती माळव्यात आली. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. अठराव्या शतकात मराठी माणसं इथं आली आणि रुजली. १९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. घरात मराठी राहिली, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि मालवी. भोपळा बाजारात 'कद्दू' झाला. घारग्याला मात्र बाहेर नावच उरलं नाही.

शेजारच्या मालवी काकींकडे अख्खा भोपळा बाईमाणसानं कापायचा नाही, अशी रीत होती. पहिली सुरी पुरुषानं लावायची. घरात कुणी नसलं की त्या मला हाक मारत. मी मोठ्या ऐटीत सुरी रोवायचो आणि मोबदल्यात एक मोठी फोड घरी आणायचो. तिचेच घारगे व्हायचे.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात मालवी मुली भिंतीवर शेणाची, फुलांची संजा मांडून गाणी म्हणत; माझ्या बहिणी त्यांच्यात असत. मग नवरात्रात त्याच मुली आमच्या अंगणात भोंडल्याला येत. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, आणि शेवटी खिरापत ओळखायची. आई घारगे ठेवायची. मुली डबा हलवून बघत, वास घेत, "मीठी पूरी!", "गुलगुले!" म्हणत. कुणालाच ओळखता येत नसे. शेवटी आई डबा उघडून सांगायची, "घारगे." मग साऱ्या एका सुरात तो शब्द म्हणत. वर्षातून एकदा तो शब्द आमच्या गल्लीत मोठ्यानं उच्चारला जाई.

मी पाचवीत असताना डब्यात घारगे नेले. एकानं विचारलं, "ये क्या है?" मी म्हणालो, "भोपळ्याचे..." आणि अडलो. दुसऱ्यानं वास घेऊन सांगितलं, "कद्दू है!" हिंदीत मठ्ठ पोरालाही कद्दू म्हणतात. महिनाभर माझं तेच नाव पडलं. घरी येऊन मी डबा आपटला. "असलं गावठी काही मला देत जाऊ नकोस. लोकांच्या आया देतात तसं दे."

आई काही बोलली नाही. त्या वर्षीच्या भोंडल्याला तिनं खिरापतीला बाजारचे पेढे ठेवले. मुलींनी डबा उघडण्याआधीच ओळखले. खेळ लगेच संपला.

पुढं घारगे क्वचितच झाले. नातीनं हट्ट धरला तेव्हा ते परत आले. आई तळायची, लेक शेजारी पाट घेऊन बसायची. मी पेपर तपासत असायचो.

तर लेकीच्या फोननंतर आम्ही दोघं कामाला लागलो. आमच्या सौ. देवासच्या. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं नांदवलेलं ते गाव. त्यामुळे स्वयंपाकघरात दोन मतं असणं त्यांना नवीन नाही. दोन वाट्या किस थोड्या तुपावर वाफवला, वाटीभर गूळ विरघळवला. मीठ, वेलदोडा, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, थोडं कडकडीत मोहन. कणीक मी मोजून घातली आणि घट्ट वाटली म्हणून पाणी लावलं. घारगे तेल प्याले. दुसऱ्यांदा भोपळा कोरडा निघाला. तीच मोजलेली कणीक जास्त झाली, आणि घारगे वातड झाले.

मग सौ. म्हणाल्या, "सासूबाई मोजत नव्हत्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. भोपळ्यात मावेल तेवढंच पीठ."

तिसऱ्या वेळी तसं केलं. गूळ असल्यानं कणीक ठेवली की सैल होते, म्हणून लगेच पुरीपेक्षा जाड थापले, वर खसखस दाबली, मध्यम आचेवर तळले. तिसऱ्या दिवशीही मऊ होते.

भोपळा मुळात अमेरिकेचाच. कोलंबसानंतर समुद्र ओलांडून तो इकडं आला आणि आमच्या गुळात, कणकेत मिसळला. आता लेक त्याच्या माहेरी जाऊन त्याला जायफळ घालते आहे. तिला प्रमाण कळवलं, "मावेल तेवढं." ती हसली. म्हणाली, "बाबा, इथं ऑफिसात ती बिस्किटं नेली होती. सगळे विचारत होते, हे काय? मी सांगितलं, घारगे. भाजलेले घारगे."

किती सहज सांगितलं तिनं! पाचवीत मला तो शब्द पुरता सांगता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत डबा नेला. मधल्या सुट्टीत शिक्षक जमले. गणिताच्या सरांनी एक उचलून विचारलं, "सर, ये क्या है?"

"घारगे," मी म्हणालो.

"क्या?"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी जरा मोठ्यानं.