मामांचा ड्रमसेट

ज्या कुटुंबात एक माणूस बँकेत असतो, त्या कुटुंबात वस्तूंच्या किमती काढायचं खातं आपोआप त्याच्याकडे येतं. मी बँकेत साधा कारकून आहे. दिवसभर लोकांच्या सह्या जुळवतो आणि पासबुकाचं यंत्र बंद का आहे ते समजावून सांगतो. पण आमच्या नातेवाइकांच्या मते जुनी शिवणयंत्रं, गावाकडची कलमं आणि मोडीत काढायच्या स्कूटरी यांचे भाव मला तोंडपाठ असतात. त्यामुळे गिरगावातली चाळ पाडायची ठरली आणि मामांचा ड्रमसेट माळ्यावरून खाली आला, तेव्हा मामांनी मलाच बोलावलं.

"बंड्या, याची किंमत काढ," मामा म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे बघत आवाज उतरवून, "आणि जरा चांगली काढ."

त्या 'चांगली'मागे इतिहास होता. १९७२ साली धोबीतलावच्या एका गोवेकर वादकाने परदेशी जाण्यापूर्वी हा सेट विकायला काढला. इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचा. एक बेस ड्रम, दोन टॉम-टॉम, एक स्नेअर आणि दोन मोठ्या सिंबल. किंमत १,२०० रुपये. मामांकडे ३०० होते. उरलेले ९०० मामींच्या चार तोळ्यांच्या पाटल्यांतून आले. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला दोनशेच्या आसपास होतं आणि लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. "पहिल्या कमाईतून पाटल्या करून देतो," असं मामा म्हणाले होते. पहिली कमाई दुधात गेली, दुसरी भाड्यात, आणि पुढच्यांनी तीच वाट धरली. नव्या जागेत पाऊल टाकण्यापूर्वी मामांना हे देणं फेडायचं होतं. आणि मामींना कळू द्यायचं नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत पन्नास वर्षं संसार केलेला माणूस असलं काही ठरवू शकतो, याचं मला कौतुक वाटलं.

मी बी.कॉम. असल्यामुळे प्रथम घसारा काढला. सरळ रेषेच्या पद्धतीने वर्षाला दहा टक्के धरले, तर सेट १९८२ सालीच शून्य झाला होता. मामांचा चेहरा पाहून मी घटत्या शिल्लकीची पद्धत लावली. हिच्यात किंमत कधीच शून्य होत नाही, हा तिचा मोठेपणा. उत्तर आलं, चार-साडेचार रुपये.

"अरे, एवढ्यात काठ्यांची जोडी येत नाही!" मामा म्हणाले.

मग मी जागतिक बाजारपेठेकडे वळलो. बीटल्सच्या रिंगो स्टारचा एक ड्रमसेट डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात एकवीस लाख डॉलरना गेला होता. त्या वेळच्या भावाने जवळजवळ चौदा कोटी! मामा उठून उभे राहिले. पुढचं वाचून मी त्यांना पुन्हा बसवलं. तो सेट लडविग कंपनीचा होता. १९६३ साली तो घेण्यापूर्वी रिंगो वाजवत होता तो प्रीमियरचा. म्हणजे चौदा कोटींच्या गोष्टीत आमची कंपनी होती खरी, पण मोडलेल्या स्थळासारखी.

शेवटी जुने ड्रम दुरुस्त करणारा एक तरुण बांद्र्याहून बघायला येणार असं ठरलं. बघायला येणार म्हटलं की आपल्याकडे पावडर लावायची पद्धत आहे. आदल्या रात्री मी आणि मामी चिंच-मीठ घेऊन सिंबल घासायला बसलो. एक अगदी देवघरातल्या ताम्हनासारखी लखलखली. दुसरीला हात घालणार, तोच मामींचा गुडघा धरला.

तो तरुण आला आणि दाताच्या डॉक्टरसारखा बॅटरी लावून एकेका ड्रममध्ये बघू लागला. "अंकल, सगळं ओरिजिनल आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. जुन्या ड्रमचं सगळं मोल या एका शब्दात आहे, असं त्याने सांगितलं. लाकूड गोल राहिलंय का, पान बसतं ती कड शाबूत आहे का, बाहेरचा रंग सगळ्या नगांवर एकच आहे का, कंपनीचा बिल्ला जागेवर आहे का. वरची प्लॅस्टिकची पानं फाटली तरी चालतात. ती बदलायचीच असतात. पण जादा भोक चालत नाही.

आमच्या बेस ड्रमला दोन भोकं होती. मामांनी १९७५ साली घंटा बसवायला पाडलेली. दोन हजार वजा. त्याच ड्रममध्ये मामींनी गोधड्या भरून ठेवल्या होत्या. मी ओशाळलो, पण तो खूश झाला. वाजवणारेही आवाज दाबायला आत कांबळं कोंबतात म्हणे. मग त्याने लखलखती सिंबल उचलली.

"हिचा काळपटपणा कुठे गेला?"

"घासली," मी अभिमानाने म्हणालो.

"पैसे त्याचेच होते, सर. कंपनीचा शिक्कापण गेला."

पाच हजार वजा. मामींच्या गुडघ्यामुळे दुसरे पाच हजार वाचले.

एकूण सत्तर हजार. सुटं विकलं तर थोडे जास्त येतील, स्नेअरला आणि सिंबलला वेगळी गिऱ्हाइकं असतात, असंही तो म्हणाला. मामांनी मान हलवली. १९८५ साली ऑक्टोपॅड निघाला, एका पिशवीत मावणारा, आणि वर्षभरात मामांचा ऑर्केस्ट्रा सुटा झाला होता. "आता यांना तरी एकत्र राहू दे," ते म्हणाले. पण त्यांचे ओठ हिशेब करत होते. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे. चार तोळ्यांना सत्तर हजार कुठे पुरणार?

तेवढ्यात मामी आतून जुन्या कालनिर्णयांची गुंडाळी घेऊन आल्या. १९७३ पासूनची. मागच्या पानांवर दुधाच्या हिशेबाशेजारी, त्यांच्या बारीक अक्षरात: 'ऑर्केस्ट्रा ४०', 'ऑर्केस्ट्रा ४०', गणपतीत 'ऑर्केस्ट्रा ६०'. १९८६ पर्यंत. शेवटी बेरीज: ५१,३४०.

"माझ्या पाटल्या केव्हाच आल्या," मामी म्हणाल्या. "एक मुलीच्या कॉलेजात गेली, एक या घराच्या छपरात. बंड्या, तू घसारा धरलास, मग जमेची बाजू कुठे गेली?"

वीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने एवढी मोठी चूक माझ्या पदरात घातली नव्हती.

मामा काही बोलले नाहीत. त्या तरुणाने सेट जोडला आणि काठ्या त्यांच्या हातात दिल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षी मामा पाचेक मिनिटं वाजवत होते. हात थोडा मागे पडायचा, पण पाय पक्का होता. थांबले, तेव्हा दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा उभे. या आवाजाविरुद्ध चाळ-कमिटीकडे सर्वांत जास्त अर्ज त्यांचेच.

"बंद का केलंत?" ते म्हणाले.

सेट सत्तर हजारांना अख्खा गेला. त्या पैशांत मामींना एक अंगठी आली. ती बोटात घालताना मामा एवढंच म्हणाले, "चिंचेने घासू नकोस हो. किंमत उतरते."