आधी वरचा बोल्ट

मी गणिताचा मास्तर. चौतीस वर्षे मुलांना नियम शिकविण्यात गेली, त्यामुळे कोणी नियम सांगू लागला की माझे कान आपोआप टवकारतात. पण पुस्तकातल्या नियमांची एक खोड असते. ते पाठ होतात, परीक्षेपुरते उपयोगी पडतात आणि मग कुठे नाहीसे होतात ते कळत नाही. जन्मभर पुरणारे नियम बहुधा भलत्याच ठिकाणी भेटतात. कधी स्वयंपाकघरात, कधी शेताच्या बांधावर, कधी न्हाव्याच्या खुर्चीत. मला मिळालेला असा सर्वांत अलीकडचा नियम एका पिकअप गाडीच्या पोटाखालून आला. सांगणारा माझा पुतण्या होता, आणि त्या वेळी त्याचे फक्त पाय मला दिसत होते.

पिकअप म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला नको. पुढे दोन-तीन माणसांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. रस्त्यात आडवी आली तर आपण तिच्यावर चिडतो. पण आपल्या पानातली कोशिंबीर कित्येकदा तिच्याच पाठीवर बसून आलेली असते. माझ्या धाकट्या भावाची अशी एक गाडी आहे. तो जुन्नर तालुक्यात, ओतूरला, आमच्या मूळ गावी राहतो. टोमॅटोच्या हंगामात संध्याकाळी क्रेट भरायचे, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत कल्याणचा बाजार गाठायचा, असा त्या गाडीचा क्रम. पूर्वी भाऊ स्वतः चालवीत असे. गेली तीन वर्षे त्याचा मुलगा चालवितो.

गेल्या भाद्रपदात गौरी-गणपतीला मी डोंबिवलीहून गावी गेलो तेव्हा घरात सण होता, पण भावाच्या तोंडावर नव्हता. गाडी मागून घुमू लागली होती. ताशी चाळीसच्या पुढे गेली की मागच्या अंगाने एक लांबलचक हुंकार यायचा. गॅरेजवाल्याने नुसता कान लावून सांगितले होते, “हाउसिंग गेलं. क्राउन-पिनियन बदला.” खर्च पस्तीस हजार. ही वार्ता कशी कोण जाणे, पण गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका गृहस्थापर्यंत पोहोचली, आणि तो साडेतीन लाखांत गाडी आहे तशी उचलायला तयार झाला. भावाने जवळजवळ होकार दिला होता. तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ पैसे घेऊन येणार होता.

मला नवल वाटले. कर्ज फिटून वर्ष झालेले, हंगाम ऐन भरात, आणि हा गाडी विकतो आहे! रात्री ओट्यावर बसलो असता मी विचारले, तेव्हा तो बराच वेळ सुपारी कातरीत राहिला. मग म्हणाला, “अण्णा, पैशाचं काही नाही. पण आतला एखादा दाता तुटून अडकला तर मागची चाकं जागच्या जागी जाम होतात. आणि पोरगं रात्रीचं घाटात असतं.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पावसाळ्यात त्या घाटात धबधबे थेट रस्त्यावर कोसळतात, धुक्यात हातभर पुढचे दिसत नाही. बापाला अशा रस्त्यावर गाडीचा हुंकार कसा ऐकू येत असेल, ते मला समजले.

पुतण्या मात्र आतून म्हणाला, “आधी तेल तर बघू. तेल काय सांगतं ते ऐका, आणि मग विका.”

तेल म्हणजे इंजिनातले नव्हे. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध अ‍ॅक्सलवर भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असतो. आपण मागून पाहिले तर तो सहज दिसतो. त्याच्या आत डिफरन्शियल असते. इंजिनाकडून आलेला लांब शाफ्ट तिथे एका लहान दातेरी चाकाला, म्हणजे पिनियनला, फिरवितो आणि पिनियन मोठ्या क्राउनला. पिनियनला दहा दाते आणि क्राउनला एकेचाळीस असे समजा. शाफ्टचे चार फेरे झाले की चाकाचा जेमतेम एक होतो. वेग कमी होतो, जोर वाढतो, आणि म्हणून भरला हौदा घाट चढतो.

पण त्या गोळ्याचे खरे काम निराळेच आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त चालावे लागते आणि आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बसविली तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. डिफरन्शियल दोघांना सारखाच जोर देते, पण ज्याला जितके फिरायचे तितके फिरू देते. पॅरिसचा एक घड्याळजी, ओनेसिफोर पेक्वेर, याने वाफेच्या गाडीसाठी १८२७ साली या युक्तीचे पेटंट घेतले. मोटार जन्माला यायला तेव्हा अर्धशतकाहून अधिक काळ होता! मी मास्तर असल्यामुळे तिथेच हिशेब मांडला. दोन चाकांमधले अंतर सुमारे १.४ मीटर धरले, तर घाटातल्या एका अर्धवर्तुळी वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ४.४ मीटर जास्त चालते; मग वळण मोठे असो की लहान. गणित सोपे आहे, पण ते करताना माझ्या मनात दुसरेच काही आले. आम्ही दोघे भाऊ एकाच घरातून निघालो. मी नोकरीच्या सरळ रस्त्याने निवृत्तिवेतनापर्यंत आलो. वळणावरचे जास्तीचे चालणे त्याच्या वाट्याला आले.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला प्रारंभ झाला. पुतण्याने प्रथम गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली. गार तेल काकवीसारखे घट्ट असते, ते जागचे हलत नाही. जरा तापले की पातळ होऊन तळाची घाण घेऊन बाहेर पडते. मग अंगणातली सपाट जागा पाहून गाडी उभी केली, हातब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. पिकअपची पाठ उंच, त्यामुळे जॅकची गरज पडली नाही. भावजयीने घमेले द्यायला साफ नकार दिला, म्हणून एका फुटक्या टबावर भागले. मला पाट आणि बॅटरी देण्यात आली. आमच्या वयाला साजेसे काम!

त्या गोळ्याला दोन बोल्ट असतात. एक तळाशी, तेल सोडायचा. दुसरा बाजूला, जरा वर, तेल भरायचा. पुतण्याने तारेच्या ब्रशाने दोन्ही बोल्टांभोवतीचा चिखल खरवडला आणि वरच्या बोल्टाला पाना लावला. बोल्ट ढिम्म हलेना. गंजावरचे तेल सोडले, हातोडीने ठोकले, पुन्हा जोर केला. बोल्ट तसाच.

भाऊ कडेला उभा होता. त्याला राहवेना. “अरे, खालचा सैल दिसतोय. तोवर तेल तरी सोडून घे. वरचा मग बघता येईल.”

“नाही बाबा,” खालून आवाज आला, “आधी वरचा बोल्ट. खालून सगळं तेल सोडलं आणि हा उघडलाच नाही, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा न्यायची नाही. भरायची वाट मोकळी झाल्याशिवाय रिकामं करायचं नसतं.”

हाच तो नियम. पोराच्या मनात गाडीच्या तेलापलीकडे काही नव्हते, हे मी खात्रीने सांगतो. पण भाऊ एकदम गप्प झाला. आत जाऊन त्याने पाइपाचा एक हातभर तुकडा आणला, पान्याच्या दांड्यात अडकवून दिला आणि स्वतः उकिडवा बसला. मग गाडीखाली पाहात, पुष्कळ दिवस अडलेले काहीतरी सुटावे तसे त्याने विचारले, “गाडी गेली तर तू काय करणार रे?”

थोडा वेळ नुसता पान्याचा करकराट ऐकू आला. मग उत्तर आले, “तेच मला कळत नाहीये.”

बाप-लेक एका घरात राहतात, एका ताटलीतले शेंगदाणे खातात. आणि असा प्रश्न विचारायला मध्ये दीड टनाची गाडी असावी लागते! समोरासमोर बसून तो कदाचित कधीच विचारला गेला नसता.

पाइपाच्या जोराने बोल्ट कडाडला आणि फिरला. मग खालचा. तेल टबात पडू लागले तसा एक उग्र वास अंगणभर पसरला. हा वास गंधकाचा. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन या दातेरी चाके कापण्याची यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने पिनियन क्राउनच्या मध्याखाली बसविण्याची रीत काढली आणि पॅकार्ड मोटारीत ती प्रथम आली. त्यामुळे शाफ्ट खाली गेला, गाडी बुटकी झाली. पण दाते एकमेकांवर नुसते टेकेनात, ते घासत सरकू लागले. साध्या तेलाचा पदर त्या दाबाखाली फाटतो. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादावर एक अतिसूक्ष्म लेप धरतात. झिजायचे ते लेपाने झिजायचे, दात्याने नव्हे. एके काळी अशा तेलांत स्पर्म व्हेल माशाचे तेलही वापरीत. १९७० च्या दशकात अमेरिकेने त्याच्यावर बंदी आणली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. ओतूरच्या अंगणातल्या टबाचे नाते कुठे जाऊन पोहोचते पहा!

नवे तेल मधाच्या रंगाचे असते, जुने काळपट होते. आमच्या टबात पडत होते ते दुधाळ चहासारखे होते.

“पाणी,” पुतण्या म्हणाला. तेलात पाणी शिरले होते.

आता राहिला बोल्ट. खालच्या बोल्टाच्या टोकाला चुंबक असते. झिजलेल्या दात्यांचे कण त्याला चिकटून बसतात. करड्या लोण्यासारखा बारीक लगदा असला तर ती रोजची झीज. पण खपली किंवा तुकडा निघाला तर दाता गेला असे समजावे. पुतण्याने बोल्ट माझ्या बॅटरीसमोर धरला. भाऊ वाकला. त्याने तो लगदा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेतला आणि डोळे मिटून, सोनार सोने पाहतो तसा, चोळत राहिला. मी शाळेत कित्येक निकाल वाचून दाखविले आहेत. पण निकालाची वाट पाहणारा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

“मऊ आहे,” तो म्हणाला. “टोचत नाही.”

मग पाणी आले कुठून याचा शोध लागला. अ‍ॅक्सलच्या वर हवा जाण्यासाठी एक लहानशी टोपी असते. ती चिखलाने पक्की बुजली होती. घाट उतरून तापलेले हाउसिंग रस्त्यावरच्या गार पाण्यात शिरले की आतली हवा आकसते; श्वास घ्यायला वाट नसली की ते सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. पुतण्याने टोपी डिझेलने धुऊन फुंकर मारून पाहिली आणि पुन्हा बसविली. खालच्या बोल्टाला तांब्याची नवी वायसर घातली आणि बोल्ट आवळला.

भरणे हे सोडण्यापेक्षा किचकट. भोक बाजूला असल्यामुळे तेल ओतता येत नाही. कोमट पाण्याच्या बादलीत तेलाचा डबा ठेवून ते जरा पातळ केले, आणि बाटलीला नळी लावून दाबत दाबत भरले. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले, ८०डब्ल्यू-९० या जातीचे. दोन लिटरच्या आसपास गेले. इथे मापटे लागत नाही. भोकाची खालची कड हेच माप. तेल तिथून ओघळू लागले की थांबायचे. जास्त भरले तर ते फेसाळते आणि सील ढकलून बाहेर पडते. एकूण खर्च हजाराच्या आत. जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या पिंपाकडे रवाना झाले. विहिरीच्या आसपास त्याचा थेंबही नको, अशी भावजयीची सक्त ताकीद होती.

तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ ठरल्याप्रमाणे आला. चहा प्याला. गाडीभोवती फिरला. भाऊ त्याला म्हणाला, “या वर्षी राहू द्या.” त्याने पाच हजार वाढवून पाहिले, मग आणखी पाच, आणि शेवटी मोदक खाऊन गेला.

आतले उरलेसुरले पाणी निघावे म्हणून पाचशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलले. ते स्वच्छ निघाले. आवाज पुष्कळ कमी झाला आहे, पण पुरता गेलेला नाही. पिनियनचे एक बेअरिंग बदलावे लागणार. ते काम हंगाम सरल्यावर करायचे ठरले आहे, आणि टोमॅटोच्या पट्टीतून त्याचे पैसे भाऊ वेगळे काढून ठेवतो आहे. तोवर गाडी घाटात ताशी तीसच्या वर न्यायची नाही, असा त्याचा हुकूम आहे. मधून मधून तो स्वतःही शेजारच्या सीटवर बसून कल्याणपर्यंत येतो. कारण विचारले तर म्हणतो, सहजच.

आठवड्यातून एकदा मी पुतण्याला फोन करून गाडीची खुशाली विचारतो. परवा म्हणाला, “बरी आहे, अण्णा. घाट उतरताना थोडी गुणगुणते.”

गुणगुणते म्हणाला. घुमते म्हणाला नाही.