यंत्राचे त्रैराशिक

आज्ञाधारक मुलांचे आम्हा शिक्षकांना मोठे कौतुक असते. पण शब्दाला शब्द पाळणारा विद्यार्थी खरोखरच एखाद्या मास्तराच्या वाट्याला आला, तर तो मास्तर चार दिवसांत नोकरी सोडून पळेल. 'गप्प बस' म्हटल्यावर जो हजेरीलाही ओ देणार नाही, असा विद्यार्थी! मला तो भेटला शाळेत नव्हे, रांजणगावातल्या एका पत्र्याच्या खोलीत. आणि तो ॲल्युमिनियमचा होता.

वाळूजच्या माणसाने यंत्राचे नवल करावे हे जरा चमत्कारिकच. १९८५ साली बजाजचा कारखाना येथे सुरू झाला, त्याच्यामागून लहानमोठे शेकडो आले, आणि ज्वारी-कापसाच्या ह्या मुलखात दिवसाचे प्रहर पाळ्यांवरून मोजले जाऊ लागले. माझ्या वर्गातल्या मुलाला 'वडील घरी केव्हा असतात?' असे विचारा. तो वेळ सांगत नाही, पाळी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता. आकड्यांच्या हुकमावर लोखंड कापणारे भले मोठे यंत्र त्याच्या हाताखाली असे. यंदा उन्हाळ्यात ठेका संपला. "सर, सहा वर्षं मी त्या मशीनवर काढली," तो मला म्हणाला, "पण सेटिंग सेटर करायचा. मी जॉब लावायचा अन् हिरवं बटण दाबायचं." आता त्याने त्याच जातीचे, पण तान्हे यंत्र सुटे भाग मागवून घरी जुळवायला घेतले होते. लाकडावर घराच्या नेमपाट्या आणि देवघराच्या जाळ्या कोरायच्या, असा बेत. पैशासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. दिवाळीच्या अठरा पाट्यांचा विसार घेऊन झाला, आणि यंत्र काही सरळ चालेना.

मी गेलो तो त्याच्या आईच्या निरोपावरून. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला सगळेच ठाऊक असते, अशी त्या माउलीची समजूत. "सर, पाटल्या गेल्या तर जाऊ द्या," ती दारातच म्हणाली, "पण पोरगं रातभर झोपंना गेलंय."

यंत्र पाहिले. तीन दिशांना तीन रूळ, तीन मोटरी, आणि मधोमध भिरभिरणारे पाते. आणि ह्या सगळ्याचा मेंदू? पत्त्यांच्या जोडातल्या एका पानाएवढा बोर्ड! त्याची स्मरणशक्ती अवघी बत्तीस किलोबाइट. आपण मोबाइलवर काढतो तो एक फोटोही तीत मावायचा नाही. तेवढ्या जागेत 'जीआरबीएल' नावाची आज्ञावली राहते. सिमेन स्वाले स्कॉग्सरूड नावाच्या नॉर्वेकर गृहस्थाने ती २००९ साली लिहिली आणि जगाला फुकट देऊन टाकली. अशा आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. ते ना धड यंत्र, ना धड पुस्तक. यंत्राच्या डोक्यात मुरलेली सवय म्हणा. १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीत ह्या घराण्याचा मूळ पुरुष जन्मला, तेव्हा तो भोके पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम वाचीत असे.

पहिले दुखणे असे की, शंभर मिलिमीटर सरक म्हटले की ते एकतीस आणि वर थोडेसे सरकून थांबे. पोराने सगळे स्क्रू आवळून पाहिले होते. दोन रात्री त्यातच गेल्या. मी विचारले, "दोनशे सांगितलं तर?" त्याने करून पाहिले. बासष्ट आणि थोडे. म्हणजे यंत्र चुकत नव्हते. ते प्रमाणात, अगदी प्रामाणिकपणे, कमी चालत होते. जे प्रमाणात आहे ते त्रैराशिकाने सुटते, हे तर मी सातवीला वर्षानुवर्षे सांगत आलो आहे!

कागद घेतला. मोटरच्या एका फेऱ्याची पावले दोनशे. बोर्ड प्रत्येक पावलाचे सोळा तुकडे करतो. झाली तीन हजार दोनशे. एका फेऱ्यात स्क्रू चार मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे एका मिलिमीटरला आठशे. आणि बोर्डात लिहिलेले होते अडीचशे! मधे बोर्ड बिघडला म्हणून नवा आणला होता. त्यात फर्मवेअर भरले तेव्हा त्याच्याबरोबर आलेला तो आयता आकडा. अडीचशेला आठशेने भागून शंभराने गुणा, सव्वाएकतीस. पोरगा उत्तराकडे पाहतच राहिला. "सर, हे तर आपण शाळेत केलेलं."

दुसरे दुखणे किरकोळ. 'शुभ दीपावली' ही अक्षरे आरशात पाहावीत तशी उलटी उमटत. एक मोटर उलट फिरत होती, आणि फर्मवेअरमधला एकच आकडा बदलताच ती वळणावर आली.

तिसऱ्याने मात्र घाम काढला. पाटी निम्मी कोरून होई आणि यंत्र एकाएकी थांबे. पडद्यावर 'अलार्म १'. रुळाच्या टोकाला बटणे असतात; गाडा त्यांना टेकला की यंत्राने थांबायचे. पण गाडा तर टोकापासून वीतभर दूर! पोरगा वैतागून म्हणाला, "ती बटणंच बंद करून टाकतो." तशी सोय फर्मवेअरमध्ये आहे. पण मग चुकीचा हुकूम गेला, तर गाडा चौकटीवर डोके आपटीत राहणार.

आम्ही पाते बंद ठेवून तीच पाटी हवेतल्या हवेत कोरून पाहिली. शेवटपर्यंत बिनतक्रार. पाते सुरू केले, तिसऱ्या अक्षराला अलार्म. तेव्हा दोष हुकमात नव्हता. पाहतो तो, पात्याच्या मोटरची तार आणि बटणांच्या तारा पोराने एकत्र, वेणी घालावी तशा सुबक बांधलेल्या! मोटरच्या विजेची कुजबुज शेजारच्या बारीक तारेत उतरत होती आणि बोर्डाला वाटे, बटण दाबले गेले. वेणी सोडली, बटणांना जाळीचे वेष्टण असलेली तार घातली, तिचे वेष्टण एका टोकाला अर्थिंगला जोडले. अलार्म गेला.

पण तोवर सागवानाच्या दोन फळ्या गेल्या होत्या. ह्या यंत्राला डोळे नाहीत. 'इतकी पावले टाक' एवढेच ते मोटरला सांगते. टाकली का, हे विचारीत नाही. अलार्म होऊन थांबले की आपण कोठे आहोत ह्याचा त्याला भरवसा उरत नाही. पुन्हा घरच्या कोपऱ्यापासून सुरुवात. आणि ती केसभर इकडेतिकडे झाली की अक्षराला दोन कडा. जवळच वेरूळला कैलास लेणे असेच वरून खाली कोरत आणलेले आहे. कापलेले पुन्हा चिकटवता येत नाही, ही धास्ती त्या पाथरवटांनाही असणारच.

वसुबारसेच्या आत सोळा पाट्या झाल्या. दोघांचा विसार परत करावा लागला. पाटल्या अजून सावकाराकडेच आहेत. ह्या महिन्याचे व्याज तेवढे गेले. काल त्याच्या खोलीवरून जाताना आतून आवाज आला. शेजारच्या कुणाचा तरी पोरगा बटण दाबायला पुढे झाला होता, आणि हा त्याला म्हणत होता, "थांब. आधी कागद घे."