नाममुद्रेची खूण

ग्रंथाचे संगणकीय रूप सिद्ध करणे हे तंत्रज्ञाचे काम, समीक्षकाचे नव्हे, अशी समजूत आपल्या विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. देवगाव फाट्याला राहून विद्यार्थ्यांसाठी जनाबाईंच्या निवडक अभंगांचे ई-पुस्तक तयार करताना ही समजूत तपासून पाहण्याचा प्रसंग माझ्यावर आला. फाट्यावर अक्षरजुळणी करणाऱ्या तरुणाने विचारले, “सर, शेवटची नावाची ओळ ठळक करायची का?”

प्रश्न दृश्यरूपाचा होता. संरचनात्मक खुणांकनाचा प्रश्न याहून वेगळा असतो : ही ओळ कशी दिसावी, हा नव्हे, तर ती काय आहे, हा. चरण, कडवे, शीर्षक, अवतरण अशी संहितेच्या घटकांची नावे संहितेतच नोंदवायची आणि त्यांचे दिसणे स्वतंत्रपणे ठरवायचे, हे त्यामागील तत्त्व. गोल्डफार्ब, मोशर व लॉरी यांनी आयबीएममध्ये 1969 साली या तत्त्वावर एक भाषा रचली. तिच्यातून 1986 साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आणि 1998 साली त्याचे सुटसुटीत रूप एक्सएमएल सिद्ध झाले. आजचे ईपब स्वरूपातील पुस्तक आतून एक्सएमएलच्याच नियमांनी बांधलेले असते. त्यामुळे एकच संहिता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचता येते, छापता येते, अंध वाचकाला ऐकताही येते.

परंतु अभंगाच्या अखेरीस येणारे ‘जनी’ हे नाव काय आहे? व्यक्तिनाम, कर्त्याचे नाव की नाममुद्रेचा संकेत? जनाबाईंचे अभंग बव्हंशी नामदेवांच्या गाथेसोबत आपल्यापर्यंत आले आणि गायनाच्या परंपरेत वाढत राहिले. मुद्रा आहे म्हणून रचना गंगाखेडच्या त्या ऐतिहासिक स्त्रीचीच, असे म्हणता येत नाही. तिची नव्हे, असेही सरसकट म्हणता येत नाही. मी ‘कर्ता’ अशी खूण केली, तर यंत्र पुढील प्रत्येक शोधात तो अभंग निःशंकपणे तिच्या नावे मांडील. प्रस्तावनेतील ‘बहुधा’ त्याला दिसणार नाही. लेखक म्हणजे व्यक्ती नसून संहितांचे वर्गीकरण करणारे एक कार्य होय, हे फूको यांनी याच 1969 साली मांडले होते. खुणांकनात ते कार्य अक्षरशः करावे लागते.

मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनी 1987 पासून विकसित केलेल्या टीईआय या खुणांकन-पद्धतीत खूण कोणी केली आणि ती कितपत निश्चित आहे, हे नोंदवण्याची सोय आहे. आपल्या परंपरेला ही दृष्टी अपरिचित नाही. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी गहाळ झाल्यावर ते अनेकांच्या स्मरणातून पुन्हा सिद्ध झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्याच्या पोथ्यांत भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून राखले गेले आणि पाठ कोणाचा, याचाही निर्देश पुष्कळदा झाला. मतभेद पुसून एकच शुद्ध प्रत करण्याची घाई त्या लेखनिकांनी केली नाही.

अर्थात, या पद्धतीला मर्यादा आहेत. एक्सएमएलमध्ये घटक एकमेकांच्या पोटात बसावे लागतात. एकमेकांना छेदून जाता येत नाही. ‘ज्ञानेश्वरी’त मात्र ओवी संपते आणि वाक्य पुढच्या ओवीत चालू राहते. मग मुख्य घटक कोणता मानावा, ओवी की वाक्य? आडवाटा काढता येतात, पण कोणाला प्राधान्य द्यायचे हे ठरवावेच लागते. हा निर्णय छंद आणि अन्वय यांच्या नात्याविषयीचा, म्हणजेच समीक्षेचा आहे.

माझ्या ई-पुस्तकात ‘जनी’ला मी नाममुद्रा म्हटले, कर्तृत्व ‘परंपरेने’ असे वेगळे नोंदवले आणि निर्णयाची जबाबदारी म्हणून माझे नाव जोडले. त्याविरुद्ध युक्तिवाद होऊ शकतो. तो व्हावा म्हणूनच नाव जोडले आहे. मराठीचे विभाग या कामापासून दूर राहिले, तरी खुणा व्हायच्या थांबणार नाहीत. त्या कोणीतरी घाईने करील, आणि पुढच्या पिढीच्या हाती त्या अर्थनिर्णय म्हणून नव्हे, तर संहिता म्हणूनच पडतील.