अत्तर घरी ठेवून

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी बाई आली की सर्वांत आधी तिच्या हाताला अत्तर लागायचं. मग गुलाबदाणीतून गुलाबपाण्याचा शिडकावा, मग भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आणि त्यानंतर कैरी घालून केलेली वाटली डाळ आणि वेलदोड्याचं पन्हं. अत्तर लावायचं काम मुलींकडे असे. पालथ्या हातावर एक ओलसर रेघ ओढली की समोरची बाई हात नाकाशी नेई, क्षणभर डोळे मिटे आणि मगच पाटावर टेकून बोलू लागे. पाहुणचाराचा हा क्रम मला तेव्हापासून पाठ आहे. आधी नाकाचं स्वागत, मग जिभेचं.

माझं माहेर नाशिकचं. मुघल काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, आणि आमच्या लहानपणी हे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सहज येई. आजोबांच्या फडताळात अत्तराच्या छोट्या कुप्या ओळीने उभ्या असत. उन्हाळ्यात खस, कारण ते थंड. हिवाळ्यात हिना, कारण ते उबदार. दिवाळीत अभ्यंगस्नान झालं की ते कापसाचा फाया करून प्रत्येकाच्या कानात खोचत आणि मगच फराळाचं ताट पुढे येई. कनौजला अत्तर कसं काढतात हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालून ती मातीने लिंपून बंद करायची, खाली मंद आच ठेवायची, आणि वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरवायची. त्या भांड्यात चंदनाचं तेल असतं. फुलाचा जीव तेल धरून ठेवतं. एखादी गोष्ट हळू केली की तिचा सुवास टिकतो, एवढं त्यातून मला कळलं होतं.

द्राक्षं आमच्या अंगणापासून फार लांब नव्हती. मखमलाबाद, दिंडोरी, पिंपळगाव या बाजूला मैत्रिणींच्या बागा होत्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च घडांची तोडणी, या हिशेबावर त्यांच्या घरातली लग्नं आणि कर्जफेड ठरत असे. पानांवर भुरी पडू नये म्हणून मारलेल्या गंधकाचा वास, ठिबकने भिजलेल्या काळ्या मातीचा वास आणि पेट्यांत अंथरलेल्या कागदाचा वास मिळून ती बाग होई. खुद्द द्राक्षाला मात्र वास जवळजवळ नसे. थॉम्पसन सीडलेस गोड, कुरकुरीत, रसाळ. पण मणी नाकाशी धरला तर हाती काही लागायचं नाही.

लग्नानंतर मी मुंबईला, पार्ल्याला आले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वाईनयार्ड्सने लावलेल्या वेलींची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, आणि पाहता पाहता माझ्या माहेरचा परिसर मुंबई-पुण्याच्या लोकांच्या शनिवार-रविवारचा मुक्काम झाला. त्याआधी नारायणगावला शँपेनच्या पद्धतीने फेसाळती वाईन करून परदेशी पाठवली जात होती, हे ऐकून माहीत होतं. पण आता वाईन करणारी माणसं माझ्याच गावची होती. मला खाण्याची आवड पहिल्यापासून. शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघावं, रात्री नाशिक रोडला उतरावं, सकाळी मिसळ खावी आणि दुपारी एखाद्या वाईनरीत जावं, असा आमचा बेत ठरून गेला.

पहिल्या चवपाहणीला दारातच एका तरुण मुलीने सगळ्यांना नम्रपणे सांगितलं की इथे येताना सेंट किंवा अत्तर लावू नये, केसांत वासाची फुलं माळू नयेत. मी थबकले. ज्या गावात अत्तर लावल्याशिवाय पाहुणा बसत नसे, त्याच गावात आता अत्तर काढून ठेवणं हा पाहुण्याचा शिष्टाचार झाला होता. मला ते मुळीच खटकलं नाही. क्रम तोच होता. इथेही पहिला मान नाकालाच होता. पेला एक तृतीयांशच भरायचा, हळूच फिरवायचा, वास घ्यायचा, आणि त्यानंतर घोट. शेजारी बसलेल्या बाईच्या गजऱ्याने त्या पेल्यावर ताबा मिळवला तर वाईन करणाऱ्याची सारी मेहनत वाया जाते.

त्या दिवसापासून मी वास शिकू लागले. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते बहुतेक घशामागून नाकात चढलेल्या वासाचं काम असतं. वासाचे संवेदक कसे काम करतात ते उलगडून दाखवल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 साली नोबेल मिळालं, तेव्हा मी ती बातमी घरातल्या आनंदासारखी सगळ्यांना सांगत सुटले होते. सोव्हिन्याँ ब्लाँकमध्ये ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो, कारण दोन्हींत पायराझिन जातीची तीच द्रव्यं असतात. शिराझच्या पेल्यात मिरी जाणवते, कारण मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन द्राक्षाच्या सालीतही असतं. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं.

एकदा नात्यातल्या एकाने मस्कट द्राक्षांची वाईन आणली होती. आईने उभ्या आयुष्यात वाईनचा घोट घेतला नाही, पण पेला तिने हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "यात मोगरा आहे गं." आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. मोगऱ्यात, धण्यात आणि मस्कट द्राक्षात लिनालूल नावाचं एकच सुगंधी द्रव्य असतं, हे मी पुढे वाचलं. तिला ते वाचायची गरज नव्हती. जन्मभर गजरे ओवलेल्या, धणे भाजलेल्या आणि अत्तर लावलेल्या बाईचं नाक होतं ते. चव ओळखण्याचं शिक्षण पैसेवाल्यांच्या क्लबात मिळतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी आईची ही गोष्ट सांगते.

अत्तर घरी ठेवायचं ठरल्यावर माझ्या नटण्याचा सगळाच विचार बदलला. रेशमी साडी कपाटातून निघते ती डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊनच, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात मी ती आधी सावलीत वाऱ्यावर टाकते. पण बहुधा नेते इरकलच. जांभळ्या किंवा मोरपंखी अंगाची, लाल टोपपदराची. ती चुरगळत नाही, मातीत बसली तरी तिचं काही बिघडत नाही आणि ओल्या काळ्या रानातून चालताना कासोटीला खोचता येते. पायात सपाट कोल्हापुरी. खांद्यावर शाल, कारण जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे पहाटे हुडहुडी भरते आणि वाईनच्या पिंपांची तळघरं तर भर उन्हाळ्यातही गार ठेवलेली असतात. ओठांना रंग नाही, कारण तो पेल्याच्या काठावर उतरतो आणि त्यातला तेलकटपणा फेसाळत्या वाईनचा फेस मारतो. केसांना बिनवासाचं तेल.

आणि केसांत अबोली. ही सवय मला गोव्याने लावली. काजूच्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, आम्ही हुर्राकसाठी जातो. काजूच्या बोंडांच्या रसाचं ते पहिलं ऊर्ध्वपातन. फेणीहून सौम्य आणि त्या थोड्या महिन्यांतच मिळणारं. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून ते घेतात. पणजीच्या बाजारात बायका अबोलीच्या वेण्या घेऊन बसलेल्या असतात. फूल केशरी, डौलदार, आणि वास अजिबात नाही. त्या वेणीकडे पाहताना मला माझं उत्तर मिळालं. माळायचं सुख राहतं आणि शेजारच्या पेल्यालाही त्रास होत नाही. तेव्हापासून नाशिक असो, अकलूज असो, निघायच्या आधी पार्ल्याच्या फुलवाल्या मावशींकडे मी अबोली सांगून ठेवते.

अकलूजला फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या बागा आहेत. सांजोव्हेजे ही मूळ इटलीची जात तिथे सोलापूरच्या उन्हात वाढते. तिच्यात आंबटपणा भरपूर असतो, म्हणून तिथे मी काळ्या मसाल्याचं मटण, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागवते. तेलाची तर्री त्या आंबटपणाने कापली जाते आणि पुढचा घास पुन्हा नवा लागतो. काळ्या मसाल्यातलं दगडफूल मला विशेष प्रिय आहे. ते खरं तर फूल नव्हे, झाडाच्या सालीवर वाढणारं शैवाक आहे. ओकच्या झाडावरचं असंच एक शैवाक युरोपातले अत्तरकार शतकानुशतकं वापरत आले. ओकच्या पिंपात मुरलेल्या लाल वाईनशेजारी दगडफुलाचा रस्सा ठेवला की मला ते दोन दूरचे नातेवाईक एका पंगतीला बसल्यासारखे वाटतात. तिखटाच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि लाल वाईनमधला तुरटपणा त्यात भर घालतो. झणझणीत मिसळीशी किंवा कोळंबीच्या कालवणाशी किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँक चांगली जमते. तिच्यात पिकल्या पेरूचा वास असतो. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन चिरोट्याबरोबर घेऊन पाहावी.

2021 च्या उन्हाळ्यात करोनाने माझा वास नेला. ताप उतरला, खोकला गेला, पण फोडणी पडली तरी घर गप्प राहू लागलं. पुरणपोळी नुसती गोड, आमटी नुसती आंबट. शेनिन ब्लाँक म्हणजे आंबट पाणी. त्या दिवसांत मी आजोबांच्या जपून ठेवलेल्या कुप्या बाहेर काढल्या. वास गेलेल्यांसाठी जर्मनीत टोमास हुमेल यांनी एक सराव तपासून पाहिला आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, मन लावून, बारा आठवडे घ्यायचे. त्यांचा 2009 सालचा निबंध डॉक्टरांनी मला समजावून सांगितला. लिंबू आणि लवंग स्वयंपाकघरात होतीच, निलगिरीचं तेल औषधांच्या डब्यात होतं. गुलाबासाठी मी आजोबांच्या गुलाबाच्या अत्तराची कुपी घेतली. तळाला थेंबभरच उरलं होतं.

वाईनसाठी जे मी वर्षानुवर्षं घरी ठेवून जात होते, तेच आता माझा वैद्य झालं. डोळे मिटून कुपी नाकाशी धरायची आणि आठवायचं की गुलाब कसा होता. चैत्रातलं आमचं दालन, पालथे हात, आईची साडी. सगळ्यांत आधी लवंग परत आली, तीही अर्धवट, जळल्यासारखी. मग लिंबू. गुलाब सगळ्यांत शेवटी. सराव करणाऱ्या प्रत्येकाला यश येतंच असं नाही. मला ते आलं, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पुढच्या तोडणीच्या हंगामात नाशिकला गेले, पेला फिरवला आणि पेरू मिळाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरच्या मुलाने काही न विचारता पेला पुन्हा भरला.

हल्ली माझ्याबरोबर भाची येते. पंचविशीतली, हौशी, नटायला आवडणारी. पहिल्या खेपेला मी तिला सेंट ठेवून दे म्हटलं, तर तिने विचारलं, "आत्या, मग नटायचंच नाही का?"

"नटायचं गं, भरपूर नटायचं," मी म्हटलं. "खणाचं पोलकं घाल, नथ घाल, मोठं कुंकू लाव. फक्त वासाची जागा मोकळी ठेव. तिथे दुसरं कुणीतरी यायचं आहे."

ती हे मनापासून पाळते. तिच्यामुळे एक गोष्ट मला स्वतःलाही नीट सांगता येऊ लागली. आपल्याकडे नटण्याचा हेतू बहुधा आपण लोकांना कसे दिसू, आपण गेल्यावर मागे काय दरवळेल, हाच धरला जातो. त्यात सुख आहे आणि मी ते नाकारत नाही. लग्नकार्यात मी आजही मनगटाला हिना लावून जाते. पण खाण्यापिण्याची खरी ओढ असलेल्या माणसाने आणखी एक नटणं शिकावं. जिथे जायचं तिथल्या मातीला, थंडीला, ताटाला आणि पेल्याला शोभेल असं होऊन जाणं. पहाटे वेलीवरून घड उतरवणाऱ्या बाईपासून पिंपाशी राबणाऱ्या माणसापर्यंत किती हात लागून ती वाईन समोर येते. गारपिटीच्या एका दुपारी ते सारं जमीनदोस्त होऊ शकतं हे बागाईतदाराच्या घरात वावरलेली माणसं जाणतात. त्यांच्या कष्टाला निदान आपलं नाक पूर्ण मिळावं.

म्हणून कुणी मला विचारलं की नाशिकला कधी जावं आणि काय घालून जावं, तर मी सांगते: जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जा, तोडणी बघायला पहाटे उठा, सुती किंवा इरकल नेसा, शाल घ्या, अबोली माळा. अत्तराची कुपी घरी ठेवा, पण ती फेकून देऊ नका. नाकाला घडवते तीच.