उसाच्या गावी, गळवाल्यांच्या तळ्याकाठी

वाचकहो, उसाच्या गावाला जायचे म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते मला ठाऊक आहे. कारखान्याचे धुराडे, मळीचा वास, रस्त्याकडेला सांडलेल्या कांड्या आणि काट्यावर ताटकळलेल्या ट्रॅक्टरांची रांग. अमेरिकेत फ्लोरिडा म्हणून एक राज्य आहे. तिथल्या क्लुइस्टन गावी मी भाच्याबरोबर जानेवारी महिन्यात गेलो आणि हे सारे तिथे तसेच्या तसे भेटले. नाही म्हणायला ट्रॅक्टरांची रांग तेवढी नव्हती. तिथला ऊस कारखान्याच्या स्वतःच्या आगगाडीतून येतो.

मायामी शहर सोडून वायव्येला सुमारे दीडशे किलोमीटर गेले की हे गाव लागते. वस्ती सात-साडेसात हजारांची, म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव. पण इथला कारखाना दिवसाला जवळपास चाळीस हजार टन ऊस गाळतो! गावात शिरण्याआधी मैलच्या मैल नुसता ऊस. या भागात चार लाख एकरांहून अधिक जमीन उसाखाली आहे. माती काळीभोर, पण आपल्या काळीसारखी चिकट नव्हे. हातात घेतली तर भुसभुशीत, कुजलेल्या शेणखतासारखी. एके काळी ही सगळी दलदल होती. चर खणून पाणी काढले आणि शेती केली. मात्र पाणी निघाल्यापासून ही माती हवेने विरत चालली आहे. बेल ग्लेड या शेजारच्या गावी संशोधन केंद्राच्या आवारात १९२४ साली नऊ फुटांचा एक खांब जमिनीत पुरला होता, माथा जमिनीशी समपातळीत ठेवून. आज तो सहा फुटांहून अधिक उघडा पडला आहे. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे. हे ऐकून मी जरा वेळ गप्पच बसलो.

फड पेटवून मगच ऊस तोडतात. राख उडत गावात येते, तिला तिथले लोक काळा बर्फ म्हणतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती बसते, म्हणून बायका चिडतात. हे सांगायला नकोच. पूर्वी जमैका आणि आसपासच्या बेटांवरून मजूर यायचे आणि कोयत्याने ऊस तोडायचे. १९९० च्या दशकात यंत्रे आली आणि ते येणे बंद झाले. आपल्या बीडकडच्या टोळ्या डोळ्यांपुढे आल्या. पण तो विषय निराळा आणि मोठा आहे. आज मला तुम्हाला तळ्याकडे न्यायचे आहे.

गंमत अशी की एवढे मोठे तळे गावाला लागून असूनही गावातून दिसत नाही. मध्ये मातीचा बांध आहे, तीस फुटांच्या आसपास उंच आणि तळ्याला वेढा घालणारा, सुमारे दोनशे तीस किलोमीटर लांब. सप्टेंबर १९२८ मध्ये मोठे चक्रीवादळ आले. तेव्हा तळ्याला जुजबी मातीचे बंधारे होते. वाऱ्याने पाणी दक्षिणेकडे लोटले, बंधारे फुटले आणि रातोरात निदान अडीच हजार माणसे गेली. त्यांतले बहुतेक शेतावर राबणारे काळे मजूर होते. पानशेतचा प्रसंग ज्यांना आठवतो त्यांना जास्त सांगायला नको. त्यानंतर हा बांध झाला. त्याची अलीकडची मोठी दुरुस्ती २०२३ साली पुरी झाली.

बांध चढून वर गेलो आणि समोर पाणीच पाणी. पलीकडचा काठ दिसेना. ओकीचोबी हे तिथल्या मूळ रहिवाशांनी दिलेले नाव, अर्थ मोठे पाणी. क्षेत्रफळ एकोणीसशे चौरस किलोमीटरच्या जवळ, म्हणजे आपल्या पैठणच्या नाथसागराच्या पाच पट. पण खोली? सरासरी नऊ फूट! विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना हसू येईल. उथळ असल्यामुळेच काठाने लव्हाळे, पाणकणीस, कमळे माजलेली असतात आणि त्यांच्या आडोशाला बास नावाचा मासा राहतो. हिरवट अंगाचा, कुशीवर काळा पट्टा आणि तोंड एवढे मोठे की आपला मरळ आठवावा. स्वभावही मरळीसारखाच, दबा धरून झडप घालणारा.

या माशासाठी तिथे माणसे लाखोंची होडी घेतात, काठ्या-गळ घेतात, मासा धरतात, वजन करतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. माझ्या मनात पहिला विचार आला तो तुमच्याही येईल. सोडायचा तर धरायचा कशाला? भाचा म्हणाला, "मामा, कुस्तीत पाडलेल्या पैलवानाला कोणी घरी घेऊन जातो का?" मी निरुत्तर झालो.

खरोखरच ही कुस्तीच आहे. फड आहेत, आखाडे आहेत, बक्षिसे आहेत. अलाबामा राज्यातला रे स्कॉट नावाचा एक विमा एजंट. त्याने १९६७ साली आर्कान्सामधल्या बीव्हर तलावावर गळवाल्यांची स्पर्धा भरवली, १०६ जण उतरले. पुढे त्यांची संघटना झाली, १९७१ मध्ये पहिले मोठे अजिंक्यपद झाले, बक्षीस दहा हजार डॉलर. २०२० साली त्याच अजिंक्यपदाचे बक्षीस तीन लाख डॉलर होते. मासा जिवंत परत सोडायची रीतही स्कॉटनेच १९७२ पासून स्पर्धांत रूढ केली. होडीतच हवा खेळवलेल्या पाण्याची टाकी असते. दिवसभरात धरलेल्या माशांतले सर्वांत वजनदार पाच तिच्यात ठेवायचे आणि संध्याकाळी व्यासपीठावर काट्यावर घालायचे. मासा मेला तर वजन कापतात.

पण बक्षीस मिळते एकाला आणि उतरतात शंभर. बाकीच्यांचे घर कसे चालते? प्रवेश फी हजारो डॉलर, होडीचे हप्ते, पेट्रोल, महिनोन्‌महिने घराबाहेर राहणे. ते चालते आश्रयदात्यांवर. गळाच्या, काठ्यांच्या, होड्यांच्या आणि इंजिनांच्या कंपन्या पैसे देतात. बदल्यात गळवाला अंगभर त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेला सदरा घालतो. आणि कंपनी पैसा देताना विचारते, तुला ओळखतात किती?

या एका प्रश्नाने तो धंदा कसा पालटला, त्याचे उदाहरण याच गावात एका घरात सापडते. रोलँड मार्टिन हे या खेळातले जुने नामांकित. नऊ वेळा ते वर्षातले सर्वोत्कृष्ट ठरले आणि एकोणीस स्पर्धा त्यांनी जिंकल्या. त्यांच्या नावाचा होड्यांचा धक्का याच गावात उभा राहिला. ते लोकांना ठाऊक झाले टेलिव्हिजनमुळे. आठवड्यातून एकदा कार्यक्रम, मध्ये जाहिराती, संपले. चाहत्याला काही विचारायचे तर पत्र टाकायचे. त्यांचा मुलगा स्कॉट मार्टिन हाही गळवालाच. २०११ साली त्याने मोठा करंडक जिंकला. पण त्याला घरोघरी पोहोचवले ते यूट्यूबने. होडीवर कॅमेरा लावून तो दिवसभराचे सगळे दाखवतो. मासा लागला ते, सुटला ते, इंजिन बिघडले ते आणि कंटाळा आला तेसुद्धा. बाप हुकमी मासा दाखवायचा, मुलगा रिकामा हातही दाखवतो. लोकांना तेच जवळचे वाटते, असे माझे मत झाले.

मधली पायरी ब्लॉगची. दोन हजार सालानंतर गळवाले संकेतस्थळांवर आपली रोजनिशी लिहू लागले. आज कुठल्या कोपऱ्यात गेलो, कोणते आमिष चालले, लेकराचा वाढदिवस कसा चुकला. न्यू जर्सीचा माईक आयाकोनेली २००३ साली अजिंक्यपद जिंकला तो आरडाओरडा करत, आणि जुन्या मंडळींनी नाके मुरडली. पण पुढे त्यानेच इंटरनेटवर चाहत्यांशी थेट गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. मग फेसबुक, इन्स्टाग्राम आले. आता तर स्पर्धाच होडीतून थेट दाखवतात. पोरे शाळेत बसून बघतात म्हणे.

यात एक मेख आहे, आणि ती शेतकऱ्याला चटकन कळेल. तुमच्या विहिरीचा झरा कुठे आहे हे तुम्ही चव्हाट्यावर सांगाल का? गळवाल्याची माशाची जागा म्हणजे त्याचा झरा. चित्रफितीत मागचे झाड दिसले, एखादा खांब दिसला की पुढच्या रविवारी तिथे पन्नास होड्या उभ्या. म्हणून कित्येक जण मागचा देखावा धूसर करतात. दाखवायचे तर सगळे, पण ठावठिकाणा नाही! उलट बाजूने स्पर्धेचा नियम असा की आधीचे काही दिवस कोणाकडून तलावाची माहिती घ्यायची नाही. चाहता प्रेमाने लिहून कळवतो, अमक्या खाडीत मासा आहे, आणि या बिचाऱ्याची पंचाईत होते.

तोच फोन पापही उघडे पाडतो. ३० सप्टेंबर २०२२ रोजी ओहायो राज्यात एका स्पर्धेत माशांच्या पोटात शिशाचे गोळे निघाले. वजन वाढवायला घातलेले! काटामारी म्हणजे काय ते ऊसवाल्यांना मी काय सांगू? जमलेल्यांपैकी कोणीतरी ते टिपले आणि रातोरात देशभर झाले. दोघांना तुरुंगाची हवा खावी लागली.

आता पुन्हा ओकीचोबीकडे येऊ, कारण खरी कुस्ती तिथे आहे आणि ती माशासाठी नाही, पाण्यासाठी आहे. ऊसवाल्याला उन्हाळ्यासाठी तळे भरलेले हवे. गळवाल्याला ते जरा उतरलेले हवे, कारण पाणी उंच राहिले की तळाशी उजेड पोहोचत नाही, गवत मरते आणि गवत मेले की मासा गेला. समुद्रकाठच्या गावांना तळ्याचे पाणी आपल्या नद्यांत सोडलेले नको, कारण त्याबरोबर हिरवे विषारी शेवाळ येते. २०१६ आणि २०१८ साली असे शेवाळ इतके माजले की राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. बोट सगळ्यांनी उसाकडे दाखवले. वास्तविक तळ्यातला बहुतेक फॉस्फरस उत्तरेकडून, गुरांची कुरणे, गोठे आणि बागा यांतून येतो. ऊस आहे दक्षिणेला. पण फोनवर एवढे सविस्तर कोण ऐकतो?

गळवाल्यांचे मात्र ऐकले गेले. तळ्यात जलपर्णी माजते, अगदी आपल्या नद्यांत माजते तीच. ती मारायला सरकारी खाते औषध फवारते. गळवाल्यांचे म्हणणे, फवारणीने चांगले गवतही मरते. त्यांनी तपकिरी पडलेल्या लव्हाळ्याची चित्रे टाकली, चित्रफिती केल्या, चाहत्यांना सह्या करायला सांगितले. जानेवारी २०१९ च्या अखेरीस खात्याने फवारणी थांबवली आणि गावोगाव बैठका घेतल्या. मार्चमध्ये फवारणी पुन्हा सुरू झाली, काही बदल करून. खात्याचे म्हणणेही खोटे नव्हते. जलपर्णी मोकळी सोडली तर होडीसुद्धा हलणार नाही. पण वर्षानुवर्षे जे अर्जांनी झाले नाही ते काही आठवड्यांत झाले खरे.

दुसऱ्या दिवशी पहाटे धक्क्यावर गेलो. होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर एक तरुण पोरगा उभा होता, सदऱ्यावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. काठीला फोन लावून एकटाच हसत बोलत होता. मला वाटले, डोक्यावर परिणाम झाला असावा. भाच्याने समजावले, तो चाहत्यांना कालचा दिवस सांगतो आहे. काल त्याचा मोठा मासा होडीजवळ येऊन सुटला होता. ते तो असे हसत हसत सांगत होता की ऐकणाऱ्याला वाटावे, केवढी मौज झाली! मग त्याने फोन बंद केला, होडीच्या काठावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून पाण्याकडे बघत राहिला. दर पडला की बाजारातून परत येताना गाडीत बसलेला आपला माणूस असाच दिसतो.

आम्हाला पाहून तो उठला. मी भारतात ऊस लावतो असे भाच्याने सांगितले. त्याने विचारले, "तुमचे तळे चांगले आहे का?" मी म्हटले, धरण आहे, भरले तर चांगले. त्यावर तो मनापासून हसला, या खेपेला फोनशिवाय. होडी सुरू झाली आणि लव्हाळ्याच्या फटीतून दिसेनाशी झाली. आमच्या पाठीमागे बांधापलीकडे एक फड पेटला होता, आणि राखेच्या बारीक काड्या बांधावरून तरंगत येऊन पाण्यावर पडत होत्या.