‘यामे’ म्हणजे थांब

शोतोकान कराटेत बहुतेक जण सगळ्यात आधी ‘हेयान शोदान’ ही काता शिकतात. काता म्हणजे समोर कुणी नसताना, ठरलेल्या क्रमाने करायची लढाई. २१ हालचाली. डावीकडे वळून खाली ब्लॉक, एक पाऊल पुढे, पंच. जिथे सुरुवात, तिथेच शेवट. दिवसभर बग शोधणाऱ्या माझ्यासारख्याला हेवा वाटावा इतकं सगळं ठरलेलं.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. (‘स्वमग्न’ हा शब्द मला पटत नाही. तो स्वतःत कुठे, सीलिंग फॅनमध्ये मग्न असतो.) ताईने कराटेचं नाव काढल्यावर आई म्हणाली, “अगं, शाळेत कुणाला मारलं म्हणजे?” भीती उगाच नव्हती. इतर पालकांच्या तक्रारींवरून एका शाळेने त्याला काढायला लावलं होतं. मुख्य तक्रार काय, तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो.

क्लासमध्ये त्यालाच सराव म्हणतात.

सरांनी केलेले बदल अगदी साधे आहेत. एका वेळी सहाच मुलं. शिट्टी नाही, स्पारिंग नाही. पावलं कुठे टाकायची ते फरशीवर पिवळ्या टेपने आखलेलं, भिंतीवर हालचालींची चित्रं ओळीने. हात लावायच्या आधी विचारायचं. ड्रेसच्या कॉलरचं टोचणारं लेबल ताईने कापून टाकलं. पहिले तीन आठवडे तो दाराशी बसून नुसता बघायचा. कुणी आत ओढलं नाही. मग एका रात्री घरी, फ्रिजसमोर, पहिल्या नऊ हालचाली. क्रम बरोबर.

इराणमधल्या संशोधकांचा २०१२चा एक अभ्यास आहे. ३० ऑटिस्टिक मुलं, त्यातल्या निम्म्यांना १४ आठवडे काता शिकवली. त्यांचं हात फडफडवणं, डोलणं वगैरे बरंच कमी झालं आणि सराव थांबल्यावर महिन्याभरानेही तो फरक टिकून होता. पण मुलं मोजकीच, तेव्हा ‘कराटेने ऑटिझम बरा’ म्हणणाऱ्या क्लासपासून लांबच राहा. शिवाय मोजायला त्यांनी जे निवडलं, तेच मला खटकतं. भाचा अजूनही हात फडफडवतो, खूश असला की जास्तच. फडफडवू दे की!

आमच्याकडे फरक पडला तो रस्त्यावर. पूर्वी हात सुटला की तो सरळ धावत सुटायचा. ताईची झोप उडायची ती त्यानेच. आता ती ‘यामे’ म्हणते आणि तो जागच्या जागी थांबतो. पाय जुळवून, मुठी मांडीशी. रिक्षावाले बघत राहतात.

पुढच्या महिन्यात यलो बेल्टची परीक्षा आहे. मोठा हॉल, माइक, टाळ्या. नेहमीच्या खोलीत एकट्याची घ्यायला सर तयार आहेत. ताईने त्यालाच विचारलं. त्याने बराच वेळ फॅनकडे बघून विचारलं, “हॉलमध्ये टेप असेल?”

ताईने दोन रोल आणून ठेवलेत.